कडी मी लावली होती

नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाला नाटक कधी पुरतं बघायला मिळत नाही. पनवेलला एका कलामंडळाच्या नाट्यगृहात मी एकोणीस वर्षं नोकरी केली. त्या काळात कितीतरी प्रयोग लागले, पण त्यातल्या एकाचाही शेवट मी खुर्चीत बसून पाहिलेला नाही. शेवटाला मी कुठेतरी मीटरबॉक्सपाशी उभा असायचो, नाहीतर पाण्याच्या टाकीत वाकून बघत असायचो. लोकांना वाटायचं, याला काय, रोज फुकट नाटकं! प्रत्यक्षात या नोकरीत पगार मिळतो तो घाबरण्याचा. वीज जाईल ही भीती, नटाची गाडी घाटात अडकेल ही भीती, पोलिसांचा परवाना वेळेवर हातात पडेल की नाही ही भीती, आणि सगळ्यांत मोठी म्हणजे आग. शेकडो माणसं अंधारात, दारं लावून बसलेली असतात. त्यांच्या जिवाची जबाबदारी ज्याच्यावर, त्याच्या खिशात फक्त किल्ल्यांचा जुडगा असतो.

मी मूळचा दादरचा. नाटकाच्या वेडापायी एका कंपनीतली कारकुनी सोडली आणि नवीन पनवेलला बिऱ्हाड केलं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. न्हावा शेव्याला बंदर उभं राहत होतं, तळोज्याला कारखाने वाढत होते. आजूबाजूच्या गावांतली भातशेती आणि मिठागरं एकेक करून जात होती आणि त्या गावांतली माणसं आता शिफ्टच्या भोंग्यावर चालत होती. आमच्या कार्यालयात मात्र पुण्या-मुंबईच्या नाटकांची पोस्टरं होती आणि भिंतीवर ‘कला सर्वांसाठी’ असं सुबक अक्षरात लिहिलेलं होतं. ते अक्षर माझंच.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची यायची. एकदा एका गावचे गृहस्थ मुलीच्या बारशासाठी नाट्यगृह मागायला आले. म्हणाले, “पडदा सरकला का आदी पाळना दिसाया पायजे, मंग पोर.” मी गंभीर चेहऱ्यानं ‘इथे फक्त सांस्कृतिक कार्यक्रम होतात’ असं सांगून त्यांना परत पाठवलं आणि हा किस्सा पुढे कित्येक वर्षं घरीदारी नकला करून सांगितला. आमच्या अध्यक्षांच्या नातवाचं बारसं त्याच रंगमंचावर झालं होतं. त्याची नोंद मी ‘कौटुंबिक स्नेहमेळावा’ अशी केली होती. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघायला मला फार वर्षं लागली. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

तेच सांगायला बसलो आहे.

आमच्याकडे मेकअपच्या खोल्या दोन. पुढची मोठी, भिंतभर आरसे, बल्ब, पंखे, लागून संडास-बाथरूम. मागची म्हणजे पूर्वीचं नेपथ्याचं सामान ठेवायचं गोदाम. तिथे एक हातभर आरसा आणि छताजवळ एक झरोका. त्या खोलीला दोन दारं होती. एक मागच्या बोळात उघडायचं, आणि बोळाच्या पलीकडे बर्फाचा कारखाना होता. दुसरं एका अरुंद वाटेनं रंगमंचाच्या विंगेत यायचं. विंग म्हणजे रंगमंचाच्या कडेची, प्रेक्षकांना न दिसणारी जागा, जिथून नट आत शिरतात. या दुसऱ्या दाराला कडी होती ती विंगेच्या बाजूनं.

दर हिवाळ्यात आमची एकांकिका स्पर्धा व्हायची. कुठल्या संघाला कुठली वेळ आणि कुठली खोली, हे ठरवायचं काम माझं. कॉलेजं, बँका, पुण्या-मुंबईचे संघ संध्याकाळी आणि पुढच्या खोलीत. गावाकडचे संघ दुपारी आणि मागच्या खोलीत. दुपारी परीक्षक जेवून पेंगुळलेले असत हे मला ठाऊक होतं. पण गावाकडच्यांना परतायला एसटी मिळायला हवी, असं मी मनाशी म्हणायचो. मला ती त्यांची सोय वाटायची. असं कर म्हणून मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. अमक्याला कमी लेखायचं असं माझ्याही मनात कधी आलं नव्हतं. हात आपोआप तसा चालायचा.

त्या वर्षी तळोज्याच्या पलीकडच्या एका गावाचा संघ आला होता. तीस सालच्या चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात घरचा माणूस गमावलेल्या एका बाईची गोष्ट त्यांनी बसवली होती. लिहिली होती हिराजीनं. हा पन्नाशीचा माणूस, बापजाद्यांचं मिठागर गेल्यावर एका कारखान्यात पंपावर कामाला लागलेला. मुख्य काम त्याच्या पुतणीचं, वनिताचं. बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, कोळंबी साफ करून गोठवणाऱ्या एका कंपनीत कामाला. तिची आई जनाबाईही संघात होती, ती धवलारीण. आगरी लग्नांत धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणणारी बाई. वनिताचा गळा आईकडून आलेला. आदल्या दिवशी तालमीला तिनं एक धवला म्हटला तेव्हा झाडू मारणारी बाई केरसुणी टेकून उभी राहिली होती. मीही उभा राहिलो होतो. मग तिनं संवाद म्हटले, ‘आमी’, ‘तुमी’, ‘नाय’ असे. मी माझ्या वहीत लिहिलं, ‘गाणे उत्तम. वाणी ग्रामीण. मोलकरणीच्या भूमिकेसाठी लक्षात ठेवणे.’ आमच्या गुणपत्रिकेत वाणीशुद्धीला वीस गुण असत.

स्पर्धेच्या दिवशी सकाळीच हिराजी माझ्याकडे आला होता. त्यांचा ढोलकीवाला कारखान्यात पहिल्या पाळीत अडकला होता. “साहेब, आमची येल जराशी मागं ढकला ना.” मी नाही म्हटलं. वेळापत्रक छापलेलं होतं.

दुपारी रंगमंचावर एका कॉलेजची एकांकिका चालू होती. त्यानंतर हिराजीच्या संघाची पाळी. त्यांची नऊ माणसं मागच्या खोलीत तयार होत होती. मी विंगेत उभा होतो. वनिता त्या अरुंद वाटेनं बाहेर आली. नऊवारी नेसलेली, अर्धा चेहरा रंगवलेला.

“साहेब, आमच्या खोलीत वास येतोय. आमोनियाचा हाय.”

“कशाचा?”

“आमोनियाचा. आमच्या कंपनीत बरफाच्या खोलीला येतो तसाच. डोल्यांना झोंबतोय.”

मी हसलो. “अगं, तुम्ही कोळंबीच्या कंपनीतल्या मुली. कुणीतरी डब्यात मासे आणले असतील. खिडकी उघडा.”

शेजारी उभे असलेले दोन स्वयंसेवक तोंडावर हात ठेवून हसले. वनिता हसली नाही.

“खिडकी नाय त्या खोलीला,” ती म्हणाली आणि आत गेली.

पाच-सात मिनिटांनी हिराजी आला. रंगमंचावर ऐन शांततेचा प्रसंग होता. नायिका एकटीच खुर्चीत बसली होती, काही बोलत नव्हती. त्या शांततेत हिराजीच्या वहाणा फटक फटक वाजल्या. पहिल्या रांगेतल्या एका परीक्षकांनी मान वळवून विंगेकडे पाहिलं. 

“साहेब, पोरी खोकाया लागल्यात. बोलातलं दार खोललं तर जास्तीच येतंय. आमाला हिकडं विंगेत उभं ऱ्हाऊ द्या.”

तो कुजबुजत होता, पण पंपावर काम करणाऱ्या माणसाची कुजबुजही मोठी असते. मला वाटलं, ढोलकीवाला अजून आला नसणार. वेळ काढायला यांनी ही युक्ती शोधली आहे. सकाळची विनंती आणि आत्ताची तक्रार मी मनात जोडून टाकली आणि कोडं सुटल्याचं समाधानही मला वाटलं. मी त्याच्या कोपराला धरून त्याला त्या वाटेनं मागे नेलं.

“हिराजी, समोरचा प्रयोग संपेपर्यंत शांत बसायचं. दहा-बारा मिनिटांचा प्रश्न आहे.”

“पन साहेब, खरंच...”

मी दार लोटलं आणि कडी लावली.

कडी लावताना मला राग आला नव्हता. हे मुद्दाम सांगतो, कारण रागानं केलं असतं तर मला पुढे ते समजून घेणं सोपं गेलं असतं. दुधावर झाकण ठेवावं तितक्या सहज मी ती लावली.

मग दारावर थापा पडायला लागल्या. आधी तळहाताच्या, मग मुठीच्या. दार हलू नये म्हणून मी त्याला पाठ लावून उभा राहिलो. आतून वनिताचा आवाज येत होता. “साहेब, दार उगरा! साहेब!” तो गळा असा, की लाकडातूनही आरपार यायचा. रंगमंचावर नायिकेचं रडणं सुरू झालं होतं, म्हणून बरं, असं मला वाटलं. मी फटीशी तोंड नेऊन म्हणालो, “आवाज करू नका. तुमचे गुण कापले जातील.”

हे वाक्य मी आजही कधीकधी एकटा असताना मोठ्यानं म्हणून बघतो.

पहिल्यांदा माझ्या घोट्यांना गार लागलं. दाराखालच्या फटीतून काहीतरी येत होतं. मग नाकात सुई घुसावी तसं झालं. डोळे मिटले ते उघडेनात, घसा आवळला. त्या क्षणी मला कळलं. कळल्याबरोबर जे वाटलं त्याला भीती हा शब्द पुरत नाही. माझे हात दारावर कडी शोधत होते. रोज दहा वेळा हाताळलेली कडी वर आहे की खाली हे मला आठवेना. आतल्या थापा बंद झाल्या होत्या. त्या का बंद झाल्या असतील, याचा विचार मी करू धजत नव्हतो.

कडी निघाली. दार ओढलं तर आतून माणसं अंगावरच आली, एकमेकांना धरून, पदर तोंडावर घेतलेली, खोकणारी, ओकणारी. सात माणसं. हिराजी शेवटी होता. त्यानं मागे वळून पाहिलं आणि ओरडला, “वनिता कुटं हाय? जना कुटं हाय?”

जनाबाई भिंतीला टेकून बसली होती, ती तिथेच कोसळली होती. वनिता दारापर्यंत आलेली, आई मागे राहिली म्हणून परत फिरली होती. हिराजीनं विंगेतल्या आगीसाठी ठेवलेल्या बादलीत पंचा बुडवला, तोंडाला गुंडाळला आणि आत शिरला. मी शिरलो नाही. मला शिरता आलं नाही. मी त्या दाराशी उभा राहून खोकत होतो आणि आतून कुणी येतं का ते बघत होतो. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग हिराजी आणि वनिता जनाबाईला काखेत धरून ओढत बाहेर आले.

हिराजी थांबला नाही. “पंखे बंद करा पयले! वास आत ओढतात ते!” असं म्हणत तो तसाच ओल्या पंचानिशी, लाल डोळ्यांनी, रंगमंचावर गेला. कॉलेजची नायिका दचकून उठली.

“बाहेर चला सगली! ग्यास सुटलाय! पदर भिजवा, नाकाला लावा, वारा स्टँडकडून येतोय, तिकडंच तोंड करून चला!”

प्रेक्षक हसले.

त्यांना तो नाटकाचाच भाग वाटला. त्या तरण्या, शहरी नाटकात एकदम शिरलेला हा आगरी म्हातारा म्हणजे विनोदी पात्र, असा त्यांचा समज झाला. कुणीतरी टाळीही वाजवली. हिराजीनं पुन्हा ओरडून सांगितलं आणि हसू वाढलं. मग मी रंगमंचावर गेलो. घसा फाटत होता, तरी म्हणालो, “रसिकहो, मी या नाट्यगृहाचा व्यवस्थापक. वायुगळती झालेली आहे. कृपया ताबडतोब बाहेर पडावे.” सगळं सभागृह एका झटक्यात उभं राहिलं.

हिराजीनं सांगितलं तेच मी सांगितलं होतं. उलट, वारा कुठून येतो आणि नाकाला काय लावायचं, ही जीव वाचवणारी माहिती त्याच्याच बोलण्यात होती.

बर्फाच्या कारखान्यातली नळी फुटली होती. कुणी दगावलं नाही. जनाबाई आठवड्यानं घरी गेली. वनिताच्या फुप्फुसांना धोका राहिला नाही, पण डॉक्टर म्हणाले, गळा भाजला आहे. आत वायू असताना सगळ्यांनी तोंडं दाबून धरली होती. तिनं तोंड उघडं ठेवलं होतं, कारण ती मला हाका मारत होती.

संध्याकाळी पोलीस आले. आमचे अध्यक्ष नाना म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, मोठे सज्जन गृहस्थ. त्यांनी मला बाजूला घेतलं. “कर्णिक, जुनं दार आहे. अडकलं असेल. तसंच सांगा. उगाच मंडळाचं नाव नको.” मी तसंच सांगितलं. दाराची कडी सैल असल्यामुळे आपोआप पडून ते अडकले, असं माझ्या सहीनं लिहिलं गेलं.

त्यानंतरचे दोन महिने मी कसे काढले ते मलाच ठाऊक. कार्यालयाचा फोन वाजला की उचलण्याआधी मी दार लावून घ्यायचो. गावातली नऊ माणसं, त्यांतलं कुणीही कधीही खरं सांगणार. गेली नोकरी, गेली अब्रू, आणि कोर्टकचेरी ती वेगळीच. बायकोनं विचारलं तर तिलाही दार अडकल्याचंच सांगितलं. इस्पितळात वनिताला बघायला निघालो आणि फाटकापासून परत आलो, तेही दोनदा. पण फोन आला नाही, तक्रार आली नाही. नऊंपैकी एकानंही तोंड उघडलं नाही. हे मला त्या भीतीहूनही असह्य व्हायला लागलं. शेवटी एका रविवारी एसटीनं त्यांच्या गावी गेलो.

हिराजी ओटीवर जाळं विणत बसला होता. मला बघून उठला, पाट दिला. वनितानं पाणी आणलं. “घ्या साहेब,” असं काहीतरी ती म्हणाली. लाकडावर कानस घासावी तसा आवाज. मी तांब्या तसाच खाली ठेवला.

“हिराजी, तुम्ही पोलिसांना खरं का नाही सांगितलं?”

तो जाळ्याकडेच बघत म्हणाला, “सांगून काय करायचं? त्या दिशी दोनदा सांगितलं, तुमी ऐकलं काय? मंग पोलीस ऐकतील?”

त्यानं जाळ्याची एक गाठ ओढून घट्ट केली.

“आनि पुढल्या वरसाला आमाला परत तुमच्याच दारात यायचं हाय ना साहेब. दुसरं थेटर कुटं हाय आमाला?”

म्हणजे मी त्यांना घाबरत होतो, आणि जीव जाता जाता वाचल्यावरही ती माणसं मलाच घाबरत होती. त्यांच्या भीतीच्या आडोशाला मी दोन महिने सुरक्षित बसलो होतो. मी हात जोडले. काय बोललो ते आठवत नाही. हिराजी “असूंदे, असूंदे” म्हणत राहिला. वनिता आत निघून गेली होती.

पुढच्या सर्वसाधारण सभेत मी उभा राहिलो.  म्हणालो, “दार अडकलं नव्हतं. कडी मी लावली होती. त्यांनी दोनदा येऊन सांगितलं, तरी लावली.”

मला वाटलं होतं, आरडाओरडा होईल, राजीनामा मागतील. तसं काहीच झालं नाही.  मग नाना मायेनं म्हणाले, “कर्णिक, मनाला लावून घेऊ नका. तुमच्या जागी कुणीही तेच केलं असतं.” चार-सहा जणांनी माना डोलावल्या. एक जण उठून माझ्या पाठीवर हात ठेवून गेला.

सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त भीती वाटली असेल तर ती या वाक्याची. कुणीही तेच केलं असतं. खरंच केलं असतं. त्या सभागृहात एकही दुष्ट माणूस नव्हता, आणि एकालाही त्या दिवशी ते दार उघडावंसं वाटलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी स्पर्धेच्या जुन्या वह्या काढल्या. मागच्या खोलीत कोण कोण होतं ते एका कागदावर उतरवत गेलो. आगरी-कोळी गावांचे संघ. झोपडपट्टीतल्या मुलांचा संघ. मोहल्ल्यातल्या उर्दू शाळेच्या शिक्षकांनी एकदा मराठीत केलेली एकांकिका, तीही मागच्याच खोलीत. कुबड्या घेऊन चालणारा एक दिग्दर्शक होता, त्याचा संघही मागे, आणि त्या खोलीला तर तीन पायऱ्या होत्या. सगळं माझ्या अक्षरात. एका वर्षीही मोडलेला नाही असा तो नेम होता, आणि तो कुणी घालून दिलेला नव्हता. कागद घेऊन मी नानांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

“हे मुद्दाम केलंत?”

“नाही ना, नाना. तेच तर.”

त्यांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, “चिठ्ठ्या टाका.”

त्या वर्षापासून वेळा आणि खोल्या चिठ्ठ्या टाकून ठरू लागल्या. मागच्या दाराची कडी काढून टाकली, खोलीला खिडकी पाडली, पायऱ्यांवर उतार घातला. कार्यकारिणीत हिराजीला घ्यावं असं मी सुचवलं, तेव्हा खरी लढाई झाली. “दर्जाचं काय?” हा प्रश्न आला. वाणीशुद्धीचे वीस गुण काढायचे म्हटल्यावर तर दोन जुने सभासद मंडळ सोडून गेले. ‘भाषा बुडवायला निघालात’ असं एका नामवंत परीक्षकांनी मला भर कार्यालयात सुनावलं. त्या गुणांचं नाव बदलून ‘संवादफेक’ करण्यापर्यंत आम्ही पोचलो, त्यालाच तीन वर्षं लागली. हिराजी कार्यकारिणीत आला, पण पहिली दोन वर्षं सभेत त्याला चहा शेवटी मिळायचा. चहा देणारा माणूसही काही मुद्दाम तसं करत नव्हता. सगळं सुधारलं असं मी म्हणणार नाही. कुबड्यांचा तो दिग्दर्शक परत आलाच नाही. मी त्याला पत्र लिहिलं होतं, उत्तर आलं नाही.

वनिताचा संघ चौथ्या वर्षी पुन्हा उतरला. चिठ्ठीत संध्याकाळची शेवटची वेळ निघाली, सभागृह भरलेलं. हिराजीनं नवीन एकांकिका लिहिली होती, कोळंबीच्या कंपनीतल्या बायकांची. गाणं एकही नव्हतं. वनिताला गाता येत नव्हतं, आणि बोलतानाही आवाज चिरकत, मध्येच तुटत असे. त्या दिवशी मी सकाळपासून जेवलो नव्हतो. लोक हसतील या धास्तीनं मी विंगेत येरझाऱ्या घालत होतो. आगरी बोली, त्यात असा आवाज. मी मनात म्हणत होतो, हिला का उभी केली यांनी!

ती उभी राहिली. पहिल्याच वाक्याला मागच्या रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं. वनिता थांबली. घाबरून गप्प झाली की काय, असं वाटून मी पडदेवाल्याकडे बघितलं. पण ती नुसती थांबली होती, त्या दिशेला बघत. हसणं विरलं. मग तिनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, त्याच तुटक्या आवाजात, अजिबात घाई न करता. त्यानंतरचा पाऊण तास सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. तिला अभिनयाचं दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं का नाही, यावर मी पुढे बरीच भांडणं केली.

प्रयोगानंतर ती विंगेत स्टुलावर बसून गार पाणी पीत होती. तिच्याशी नीट बोलायचं मी चार वर्षं टाळलेलं होतं. धीर करून जवळ गेलो.

“वनिताताई, भीती नाही वाटली तुम्हाला?”

तिनं पेला खाली ठेवला. “वाटली ना. लय वाटली.”

“मलाही वाटत होती.”

ती जराशी हसली. मग माझ्याकडे बघून त्या खरबरीत आवाजात, शब्द वेगवेगळे करत म्हणाली, “साहेब, त्या दिशी पन मना भीतीच वाटली होती. म्हनून तर तुमाला सांगाया आलेले. आज इचारलंत, तसं तवा इचारलं असतं, तर बरं झालं असतं.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. एखादी साधी गोष्ट समजावून सांगावी तसं ती बोलली. मग उरलेलं पाणी पिऊन, चेहऱ्यावरचा रंग पुसायला ती पुढच्या खोलीत गेली.